फाशांची बैठक

खेळ म्हटला की आपल्यापुढे सारीपाट येतो, बुद्धिबळ येते, पत्त्यांचा डाव येतो. दोन पक्ष असावयाचे, एकाने जिंकावयाचे, दुसऱ्याने हरावयाचे, आणि हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडावयाचा, अशी आपली खेळाची कल्पना. अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत रुजलेला एक खेळ मात्र या कल्पनेत बसत नाही. त्यात पाच-सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राचे सोंग घेतो, आणि सारे मिळून एक अद्भुत कथा बोलता बोलता रचीत जातात. जिंकणारा असा त्यात कोणी नसतो. या जातीच्या खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, आणि त्यांतला मूळपुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'.

आपल्या बडोद्यातील कित्येक जुन्या मराठी घरांतील मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. शनिवारी फोनवर नातू म्हणतो, "आजोबा, आज संध्याकाळी खेळायला जायचं आहे," आणि आजोबा समजतात, क्रिकेट असेल. तो जातो तो कदाचित या बैठकीला. तेव्हा हा खेळ काय आहे, आणि परक्या गावात एकट्या पडलेल्या माणसाने त्याला आरंभ कसा करावा, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. संगीत शिकविणाऱ्याने या भानगडीत का पडावे, तेही ओघाने कळेल.

विस्कॉन्सिन प्रांतात लेक जिनिव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ सिद्ध केला. दोघेही युद्धाचे पट खेळणारे. शिशाचे लहान लहान शिपाई टेबलावर मांडून इतिहासातील लढाया पुन्हा लढावयाच्या, हा त्या मंडळींचा छंद. आर्नेसनने त्यात असा फेरफार केला की खेळणाऱ्याने फौज न चालविता एकच माणूस चालवावा, आणि त्या माणसाने लढाईत पराक्रम केल्यास पुढच्या बैठकीत तो अधिक तयारीचा होऊन यावा. गायगॅक्सने त्यास नियमांचे रूप दिले. जानेवारी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांची पेटी बाहेर पडली. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार, आणि किंमत दहा डॉलर.

खेळ चालतो कसा, हे एका उदाहरणाने सांगतो. मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो. कथेचे स्थळ, तेथील माणसे, राक्षस, सापळे, हे सारे त्याच्या ताब्यात. बाकीच्यांपैकी कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी देवाचा उपासक, कोणी कुलपे उघडणारा चोर. प्रत्येकाजवळ आपल्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर सहा गुणांचे आकडे लिहिलेले असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि चारचौघांवर पडणारी छाप. सूत्रधार म्हणतो, "भुयाराच्या तोंडाशी लोखंडी दार आहे, त्यास जुने कुलूप आहे, काय करता?" चोराचे सोंग घेतलेला म्हणतो, "मी तार घालून पाहतो." आता ते उघडले की नाही, हे ना सूत्रधार ठरवीत, ना खेळणारा. वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. कुलूप मध्यम अवघड, म्हणून अंक १५ गाठावयास हवा. पात्राची चपळाई १६ असेल तर त्याबद्दल ३ मिळतात, त्या विद्येचा अभ्यास असल्याबद्दल आणखी २. म्हणजे फाशावर १० किंवा अधिक पडले की कुलूप उघडले. शंभरात पंचावन्न वेळा ते उघडेल. न उघडल्यास कथा थांबत नाही. खडखडाटाने आतला पहारेकरी जागा होतो, आणि सूत्रधार पुन्हा विचारतो, "आता काय करता?"

सारा खेळ या एका प्रश्नावर उभा आहे. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे लागतात, पण खरे भांडवल म्हणजे ऐनवेळी सुचणे, आणि दुसऱ्याला सुचलेले उचलून पुढे नेणे. ज्याने मैफलीत साथ केली आहे त्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. आरंभीच्या त्या पुस्तिकांत पुष्कळसे सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेले होते. त्यामुळे जितक्या घरी खेळ, तितक्या रीती झाल्या. एका घरी शिकलेला दुसऱ्या घरी गेला की तेथे तो अडाणी ठरे. आपल्याकडील जुन्या गवयांची घराणी आठवावीत. एका दाराआड जे पाठ केले ते दुसऱ्या दाराआड चालेलच असे नव्हते. मित्रमंडळ असलेल्याचे ठीक, पण ज्यास कोणी ओळखीचे नाही त्याने बसावे कोठे?

यातून वाट निघाली ती संमेलनांतून. १९७५ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या 'ओरिजिन्स' संमेलनात गायगॅक्सची एकच साहसकथा अनेक टेबलांवर स्पर्धेसाठी खेळविण्यात आली. ती पुढे १९७८ मध्ये 'टूम ऑफ हॉरर्स' या नावाने छापली गेली. एकाच कसोटीला साऱ्यांनी उतरावयाचे तर नियम एक हवेत. १९८० साली प्रकाशकांनी खेळणाऱ्यांची एक संघटना उभी केली आणि १९८७ पासून 'लिव्हिंग सिटी' नावाचा उपक्रम चालू झाला. रेव्हन्स ब्लफ हे एक काल्पनिक शहर सर्वांसाठी समाईक ठरले. शिकागोस तयार केलेले पात्र घेऊन माणसाने दुसऱ्या गावच्या संमेलनात बसावे, आणि त्या पात्राने मिळविलेले नाव, धन, हत्यार तेथेही ग्राह्य धरले जावे, अशी ही योजना. २००० ते २००८ पर्यंत चाललेल्या 'लिव्हिंग ग्रेहॉक' उपक्रमात तर काल्पनिक देशाचे एकेक राज्य खऱ्या जगातील एकेका प्रदेशास वाटून दिले होते. २००८ मध्ये पायझो या दुसऱ्या प्रकाशकाच्या खेळाची 'पाथफाइंडर सोसायटी' निघाली, आणि २०१४ साली मूळ खेळाची 'ॲडव्हेंचरर्स लीग' सुरू झाली.

नवख्याने यांत प्रवेश करावयाचा तो असा. गावातील खेळसाहित्याच्या दुकानात चौकशी करावी. अशा दुकानांत मागच्या बाजूस टेबले मांडलेली असतात आणि आठवड्यातील एखादा वार ठरलेला असतो. काही ग्रंथालयांतही अशा बैठकी भरतात. आधी निरोप देऊन जागा धरावी, कारण एका टेबलाशी बहुधा तीन ते सात खेळणारे आणि एक सूत्रधार एवढीच मंडळी बसतात. एक साहस दोन ते पाच तास चालते, हे ध्यानात ठेवूनच निघावे.

पुस्तके आधी विकत घेऊ नयेत. दोन्ही खेळांच्या नियमांचा गाभा विनामूल्य वाचावयास मिळतो. पहिल्या दिवशी तयार पात्र मागावे. नवख्यासाठी अशी पात्रे ठेवलेली असतात आणि ती मागण्यात कमीपणा नाही. त्यातल्या त्यात लढवय्या घ्यावा. मांत्रिकाचे मंत्र पाठ करावे लागतात आणि पहिल्याच बैठकीत सारा वेळ कागद चाळण्यात जातो. पेन्सिल न्यावी, शाई नको, कारण आकडे सारखे खोडावे लागतात. फाशांचा एक संच असल्यास उत्तम, नसल्यास शेजारचा देतो.

स्वतःचे पात्र रचावयाचे झाले की संघटित खेळातील एक बारकावा कळतो. घरगुती बैठकीत सहा गुणांचे आकडे फासे टाकून घेण्याची रीत आहे. लीगमध्ये ती चालत नाही. तेथे १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे आपल्या पसंतीने वाटून घ्यावेत, किंवा २७ गुणांच्या पुंजीतून सहाही आकडे विकत घ्यावेत. कारण उघड आहे. आपण घरी एकटे बसून टाकलेला फासा टेबलावरच्या परक्या मंडळींनी पाहिलेला नसतो. तेव्हा त्यांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा असा भारच त्यांच्यावर टाकावयाचा नाही. तसेच प्रत्येक साहसानंतर काय मिळाले याची नोंद ठेवावयाची. पाथफाइंडर सोसायटीत तर सूत्रधार प्रत्येकास त्या दिवसाचे एक पत्रक देतो. ते जपून ठेवावे. पुढच्या गावी तीच आपली ओळख.

आणखी एक शिस्त आहे. आपल्या सोंगाच्या निमित्ताने दुसऱ्याच्या पात्रावर वार करावयाचा नाही, आणि दुसऱ्याची पाळी असताना आपण त्याला उत्तर सांगावयाचे नाही. तबलजीने गवयाच्या तानेवर हात साफ करू नये, तशातलाच हा संकेत.

या कडक शिस्तीवर टीका होते, आणि ती पोकळ नाही. घरगुती टेबलाशी सूत्रधार हा राजा असतो. एखाद्या खेळणाऱ्याच्या पात्राचा हरवलेला भाऊ सहाव्या महिन्यात कथेत आणून तो टेबल हेलावून सोडतो. संघटित खेळात साहस छापून आलेले असते. तेच त्या महिन्यात दहा गावी दहा सूत्रधार चालवितात. तुमच्या पात्राच्या भावास तेथे जागा नाही. पुढच्या खेपेस टेबलही निराळे आणि सोबतीही निराळे. कथेचा सलग धागा असा हातून निसटतो, हे मान्य केले पाहिजे.

दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या आणि वर्गात शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यास हा वाद नवा वाटत नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली याच शहरात गायनशाळा काढली आणि गाणे कागदावर लिहून शिकविण्याची रीत घातली. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या खटपटीने अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. रागांचे नियम सर्वांना समान असावेत, हा त्या खटपटीचा रोख. गुरूच्या मांडीला मांडी लावून जे मिळते ते स्वरलिपीत उतरत नाही, असे जुने लोक म्हणत, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. पण ज्याचा बाप गवई नव्हता, ज्याला कोणा उस्तादाच्या दारात उभे राहण्याची ओळख नव्हती, त्याच्यासाठी शाळेचे दार उघडले हेही तितकेच खरे. माझ्या वर्गात आज बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना जुन्या काळी गाण्याची खोली बाहेरूनच पाहावी लागली असती. घराण्याचे सोने थोडे झिजले, पण ते चलनात आले.

संघटित खेळाने केले ते याच जातीचे काम. नियम ओळखीचे असले म्हणजे माणसे अनोळखी चालतात. मुंबईहून आलेला गवई आणि बडोद्याचा तबलजी पूर्वी कधी भेटलेले नसतात. विलंबित एकतालाची सम दोघांना ठाऊक असते, एवढ्या भांडवलावर ते तीन तास बसतात आणि उठताना एकमेकांना नावाने हाक मारतात. परदेशी विद्यापीठात पहिल्या हिवाळ्यात एकटा राहणारा मुलगा असाच एका टेबलाशी बसतो. त्याचे इंग्रजी कसे, जेवण कसले, वडील काय करतात, हे तेथे कोणी विचारीत नाही. "दाराला कुलूप आहे, काय करतोस?" एवढेच विचारतात, आणि त्याच्या उत्तराकडे साऱ्यांचे लक्ष असते. घर सोडलेल्या माणसास ही गोष्ट केवढी आहे, हे कोकणातून आणि देशावरून गायकवाडांच्या चाकरीसाठी येथे येऊन राहिलेल्यांच्या वंशजांना मी काय सांगावे?

या खेळाविषयी वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतही १९८० नंतरच्या दशकात काही पालकांनी आणि धर्मोपदेशकांनी त्यावर सैतानपूजेचा आरोप केला होता. राक्षस आणि मंत्र आहेत म्हणून भिण्याचे कारण आपल्याला तरी नाही. आपल्या आजीच्या गोष्टींत ते दोन्ही भरपूर होते. काळजी करावयाची तर एवढीच की बैठक रात्री उशिरापर्यंत लांबते आणि सुंदर फासे व जाड पुस्तके विकत घेण्याचा नाद खिशाला जड जातो.

नवख्यास शेवटी एकच सुचवावेसे वाटते. सार्वजनिक टेबलाशी दोन-चार महिने बसावे, नियम अंगवळणी पडू द्यावेत आणि ज्यांच्याशी सूर जुळला अशा तीन-चार जणांना हेरून ठेवावे. मग त्यांना घरी बोलवावे, चहा टाकावा आणि आपल्यापैकी एकाने सूत्रधार व्हावे. पात्राच्या हरवलेल्या भावाला तेथे जागा सापडेल. शाळेत शिकलेले गाणे असेच पुढे घरच्या बैठकीत फुलते. मात्र एक खुर्ची रिकामी ठेवण्याची सवय लीगमधून घरी आणावी, म्हणजे त्या हिवाळ्यात गावात नव्याने आलेल्या कोणालातरी बसावयास जागा राहील.