ऑफिसच्या डेस्कटॉपवर केलेलं अपडेट सकाळी जातं कुठे?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. माझं अडखळणं आणि मधला चहा तेवढा काढलाय, बाकी बोललो तसंच आहे.

एका मैत्रिणीचा मेसेज आला होता. ती घरून काम करते. ऑफिसचा डेस्कटॉप तिच्या लॅपटॉपवर एका विंडोत उघडतो. तिनं लिहिलं होतं, "रात्री अपडेट करून मशीन बंद केलं, सकाळी बघते तर तेच अपडेट परत मागतंय. मी वेडी झालेय की कॉम्प्युटर?"

दोघंही नाही. तो डेस्कटॉप एकसंध नाहीच आहे, तो थरांचा बनलाय.

आधी तुमच्या हातातल्या फोनकडे बघा. फॅक्टरी रीसेट मारला तर फोटो, ॲप्स सगळं जातं, पण अँड्रॉइडची आवृत्ती मागे जात नाही. कारण सिस्टिम एका कप्प्यात असते, तुमचा डेटा दुसऱ्या कप्प्यात. आणि सिस्टिमचा कप्पा तुम्ही फोन वापरत असताना फक्त वाचायचा असतो, त्यात लिहिता येत नाही. बऱ्याच नव्या फोनमध्ये तर सिस्टिमच्या दोन जागा असतात. तुम्ही रील्स बघत असता तेव्हा नवी आवृत्ती दुसऱ्या जागेत बसते आणि रीस्टार्ट झाला की फोन तिकडे उडी मारतो. नाही जमलं तर गुपचूप जुन्या जागेवर परत.

ऑफिसमध्ये हाच खेळ शेकडो लोकांसाठी खेळला जातो. उदाहरणाला सिट्रिक्स ॲप लेयरिंग घेऊ, कारण मी त्यावरच काम शिकलो. (हे मूळचं युनिडेस्क नावाच्या कंपनीचं. २०१७ मध्ये सिट्रिक्सनं ती कंपनी विकत घेतली.) सगळ्यात खाली ओएस लेयर, म्हणजे नुसतं विंडोज. त्यावर ॲप लेयर: एकात ऑफिस, एकात टॅली, एकात ब्राउझर. सगळ्यात वर प्लॅटफॉर्म लेयर, ज्यात त्या सर्व्हरवर चालायला लागणारी टूल्स आणि डोमेनची जोडणी असते. हे सगळे थर एकत्र करून एक इमेज बनते आणि तिच्यापासून सगळ्यांची मशीन्स. बऱ्याच ठिकाणी मशीन रीस्टार्ट झालं की परत त्या इमेजवर येतं. म्हणून मैत्रिणीचं अपडेट सकाळी गायब. ते खऱ्या थरात कधी गेलंच नव्हतं.

मग अपडेट करायचं कुठे? ओएस लेयरमध्ये, आणि फक्त तिथेच. यातली मेख अशी आहे की एकच फाइल दोन थरांत असली तर वरच्या थरातली दिसते, खालची झाकली जाते. समजा ॲप लेयर बनवताना विंडोज अपडेट चालू राहिलं आणि सिस्टिमच्या चार फाइली त्या लेयरमध्ये अडकल्या. पुढे तुम्ही ओएस लेयर कितीही ताजा करा, त्या जुन्या चार फाइली वर बसून नव्यांना झाकणार. ॲप चित्रविचित्र वागतं आणि कारण सापडता सापडत नाही. म्हणून ओएस लेयरमध्येच ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण ते मुद्दाम असतं. डॉट नेटसुद्धा ओएस लेयरमध्येच टाकायचं.

आता पद्धत. मायक्रोसॉफ्टचे पॅचेस दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तोवर रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे आपला बुधवारच. ॲडमिन ओएस लेयरची नवी व्हर्जन उघडतो. पुन्हा सांगतो, नवी व्हर्जन, नवा लेयर नाही! ॲप लेयर ज्या ओएस लेयरवर बनवले त्याच्याशी बांधलेले असतात. नवा ओएस लेयर काढलात तर सगळी ॲप्स परत पॅकेज करत बसा. व्हर्जन उघडली की एक तात्पुरतं पॅकेजिंग मशीन चालू होतं. त्यात अपडेट टाकायचे, रीस्टार्ट, परत तपासायचं, परत रीस्टार्ट, अगदी काही शिल्लक राहीपर्यंत नाही. घाई केली तर अर्धवट अपडेट थरात गोठतं. मग शटडाउन फॉर फायनलाइझ आणि कन्सोलमधून फायनलाइझ.

आणि इथेच मी आपटलोय. पहिली नोकरी. सलग तीन महिने मी मन लावून ओएस लेयर पॅच केला, फायनलाइझ केला, एक्सेल शीटमध्ये "पूर्ण" लिहिलं. चौथ्या महिन्यात सीनियर ताईंनी सहज एक डेस्कटॉप उघडून बिल्ड नंबर बघितला. जुनाच! कारण इमेज टेम्प्लेटमध्ये मी नवी व्हर्जन निवडलीच नव्हती. लेयर ताजा, इमेज शिळी. तीन महिने सगळं ऑफिस जुन्या विंडोजवर बसलेलं आणि मी महिन्याच्या मीटिंगमध्ये हिरवा टिक दाखवतोय. ताई ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "अरे, तू फायनलाइझ केलंस, पब्लिश कोण करणार?"

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वॉनाक्राय आठवतंय? त्यानं वापरलेल्या भगदाडाचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिला होता. हल्ला झाला १२ मे ला. मधे जवळपास दोन महिने होते. तरी इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. पॅच जगात असून भागत नाही, मशीनवर असावा लागतो.

म्हणून फायनलाइझनंतर टेम्प्लेटमध्ये नवी व्हर्जन निवडायची, इमेज पब्लिश करायची, आधी पाच-दहा जणांच्या टेस्ट गटाला द्यायची आणि मगच सगळ्यांना. अकाउंट्सवाला एक तरी माणूस त्या गटात हवाच, कारण जुनं प्रिंटर ड्रायव्हर त्यांच्याकडेच मोडतं. काही बिघडलं तर जुनी व्हर्जन तशीच असते, टेम्प्लेट तिकडे वळवून परत पब्लिश करायचं.

राहता राहिला यूजर लेयर. काही कंपन्या प्रत्येकाला स्वतःचा थर देतात, त्यात तुमच्या सेटिंग्ज आणि तुम्ही टाकलेली ॲप्स टिकतात. पण तो बाकी सगळ्यांच्या वर असतो. तिथे विंडोज अपडेट घुसलं तर सकाळी गायब होत नाही, उलट चिकटून बसतं आणि आयटीनं दिलेल्या पुढच्या पॅचला झाकतं. तेव्हा ऑफिसच्या डेस्कटॉपवर अपडेटचं बटण दिसलं तरी हात लावू नका.

मैत्रिणीला मी एवढंच कळवलं: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाब, विनव्हर टाइप कर. बिल्ड नंबरमध्ये टिंबानंतरचे आकडे दर महिन्याच्या पॅचला वाढतात. आज लिहून ठेव, पुढच्या महिन्याच्या शेवटी परत बघ. तोच आकडा दिसला तर आयटीला "अपडेट केलं का" विचारू नकोस, "इमेज शेवटची कधी पब्लिश केली" असं विचार.

काल तिचा रिप्लाय आला. आकडा लिहून ठेवलाय म्हणे, मॉनिटरच्या कडेला चिकटवून.