चोपदाराचा दंड आणि सुदुंबऱ्याचे जवान

आषाढी एकादशी आली की आम्हा कीर्तनकारांची वाणी पंढरीच्या वाटेस लागते. यंदा मात्र देहू आणि चाकण यांच्या मधल्या सुदुंबरे गावी क्षणभर थांबावेसे वाटते. तुकोबारायांचे टाळकरी, त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी महाराज जगनाडे यांची समाधी येथे आहे. याच गावी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक जीव गेले, तेव्हा हेच जवान चिखल उपसावयास धावले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसह इंद्रायणीत कोसळला, चौघे दगावले. देहूहून पालखी निघावयास तेव्हा अवघे तीन दिवस उरले होते.

परंतु जवान कितीही तत्पर असले, तरी पहिली काही मिनिटे जवळच्या माणसांच्याच हाती असतात. काही वर्षांपूर्वी आमच्याच कीर्तनात एक वृद्ध वारकरी बसल्या जागी कोसळले. लोक भोवती दाटले. कोणी त्यांच्या तोंडात पाणी ओतू लागले. आम्ही गादीवरून नामस्मरणास सांगितले! भागवतातील रंतिदेवाने स्वतःच्या तोंडचे पाणी तृषार्तास दिले खरे. पण बेशुद्धाच्या तोंडी घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. चाकणच्या कारखान्यातील एक तरुण गर्दीतून वाट काढीत आला. श्वास चालत नाही असे पाहताच तो छातीच्या मध्यावर दाब देऊ लागला. तोवर चार-पाच मिनिटे गेली होती. बाबा वाचले नाहीत. ते आम्हांस अजून सलते.

तो तरुण हे कारखान्यात शिकला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रथमोपचार जाणणारा माणूस ठेवण्याची अटच घातली होती. म्हणजे भोसरी, पिंपरी, चाकण येथे जाणते हात पुष्कळ. ते दिंडीत मात्र टाळ धरून उभे असतात आणि कोणी त्यांस विचारीत नाही. छातीवरील दाब मिनिटास १०० ते १२० हवेत, सुमारे दोन इंच खोल. लय सांभाळणे आमच्या मृदंगवाल्यांस का अवघड आहे?

पाण्याचेही तसेच. आळंदीचा भक्तिसोपान पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. चिंचवडास पवनेचे पाणी मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात शिरते. अशा वेळी उडी घेणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. काठावरून दोर फेकावा. त्यास झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधावा, म्हणजे बुडणाऱ्यास तरंगावयास आधार होतो.

गर्दी आवरण्याची विद्या तर आपल्याकडे आहेच. समाजआरतीस चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. मदतकार्यास हीच एक आज्ञा लागते.

पालख्या परतल्यावर त्या तरुणास आम्ही सभामंडपात शिकवावयास बोलाविले आहे. प्रत्येक दिंडीने चौघे तरी पाठवावेत. पहिल्या रांगेत आम्ही बसू. गुडघे कुरकुरतात, पण दाब देण्यास गुडघ्यांवरच बसावे लागते म्हणे.