डिस्क नवी, डोकेदुखी जुनी!

पाच-सहा वर्षांचा लॅपटॉप रखडायला लागला, की ऑफिसमधला प्रत्येक जण एकच सल्ला देतो, 'एसएसडी टाक ना!' सल्ला शंभर टक्के बरोबर. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, की तेच मशीन चहा यायच्या आत सुरू होतं. चार स्क्रू काढायचे, डिस्क बदलायची. खरा सिनेमा त्यानंतर सुरू होतो.

माझ्या लॅपटॉपची डिस्क मी लॅमिंग्टन रोडवर बदलून घेतली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी, म्हणजे क्लोन, नवीवर उतरवला. मशीन चालू केलं, तर निळा स्क्रीन आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. काउंटरमागच्या मुलाचं निदान तयार होतं, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल. विंडोजचे पैसे वेगळे."

थांबा मंडळी! हा एरर म्हणजे डिस्क बिघडली असं नाही. विंडोज डिस्कशी ज्या पद्धतीने बोलतं तो मोड, एएचसीआय किंवा रेड, बायोसमध्ये बदलला की असंच होतं. आमच्याकडे तो बदललेलाच होता. आधीचा केला आणि विंडोज उघडलं! 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं आलं, तर बूटच्या यादीत नवी डिस्क वर आहे का ते बघा. आणि पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. जुळी भावंडं एकत्र दिसली की विंडोज गोंधळतं आणि एकीला ऑफलाइन करून टाकतं.

विंडोजच्या वेगळ्या पैशांचं काय? विंडोज ८ पासून कंपनीने विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपची लायसन्स की बहुधा मदरबोर्डमध्येच असते. डिस्क बदलली म्हणून ती जात नाही. तीच एडिशन टाकली, की इंटरनेट मिळाल्यावर विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. उगाच खिसा हलका करू नका.

एका बाबतीत मात्र गंमत नाही. बिटलॉकर! बायोसला हात लावला, की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल, तर त्या डिस्कवरचा डेटा कोणताही मेकॅनिक परत देऊ शकत नाही. आपण कधी बिटलॉकर चालू केलाच नाही, असं म्हणणाऱ्यांनीही तपासावं. २०२४ च्या विंडोज ११ अपडेटनंतर कोरं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग इन केलं, की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्या अकाउंटमध्ये मिळते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा. दुकानात जायच्या आधी, नंतर नव्हे.

माझ्या मामांची केस वेगळी. त्यांच्या डेस्कटॉपची डिस्क पूर्णच गेली, म्हणून कोरं विंडोज टाकलं आणि फायली पेन ड्राइव्हवरून परत आणल्या. त्यात आजोबांच्या आठवणी होत्या, २००६ साली डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या. फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला! 'करप्ट झाली, डिलीट करा,' असं दुकानातून सांगितलं गेलं, आणि मामा खरंच करायला निघाले होते.

फाइल धडधाकट होती. युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे फक्त चित्र असतं. फाइलमध्ये त्याच्या जागी भलताच कोड साठवलेला असतो. फॉन्ट गेला, की मराठी गेली. युनिकोडमधल्या मजकुराचं तसं होत नाही. विंडोज १० पासून मंगल फॉन्ट सगळ्या मशीनवर आधीपासून नसतो, तरी निर्मला फॉन्ट असतो, तो निभावून नेतो.

डीटीपीवाले काका अजून त्याच गल्लीत आहेत. त्यांच्याकडून फॉन्ट आणून टाकला आणि २१२ पानं जशीच्या तशी उघडली. त्याच रात्री पीडीएफ काढली. आता कन्व्हर्टरने युनिकोड करणं चालू आहे, आणि बिघडलेली जोडाक्षरं शोधायला आजी चष्मा लावून मामांच्या शेजारी बसते.