थोड्या पैशांत रंगांची पेटी

गावच्या शाळेत चित्रकलेचा तास आला, की पहिली अडचण उभी राहते ती रंगांची. एखाद्या मुलाजवळ चोवीस रंगांची पेटी असते आणि शेजारचा मुलगा नुसती पेन्सिल घेऊन बसतो. "माझ्याकडे रंग नाहीत, मला चित्र येत नाही," असे तो म्हणतो आणि पुढे तेच खरे धरून चालतो. गुरुजी, ही समजूत घालवायला फार पैसे लागत नाहीत. थोडी माहिती लागते.

चोवीस रंगांतले बहुतेक रंग आपले आपल्याला करता येतात. हिरवा, नारिंगी, जांभळा, तपकिरी हे विकत कशाला घ्यायचे? विकत घ्यावेत ते तीनच : पिवळा, तांबडा आणि निळा. पण त्यात एक मेख आहे. कोणताही तांबडा आणि कोणताही निळा घेऊन भागत नाही.

असे का? तांबडा काही एकाच जातीचा नसतो. शेंदरी तांबडा पिवळ्याकडे झुकलेला असतो, किरमिजी तांबडा निळ्याकडे. शेंदरी तांबड्यात निळा मिसळून बघा. जांभळा व्हायच्याऐवजी चिखल होतो, कारण त्यात पिवळा आधीच लपलेला असतो आणि तिघे एकत्र आले की रंग मळतो. वांग्याचा जांभळा हवा असेल, तर किरमिजीच पाहिजे.

म्हणून दुकानात मागायचे ते असे : लेमन यलो, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. पोस्टर रंग घेणार असाल, तर पांढऱ्याची बाटली मोठी घ्या, कारण तोच आधी संपतो. जलरंगांत मात्र कागदाचा पांढरेपणाच पांढऱ्याचे काम करतो. पुढे पैसे जमले, की झेंडूसाठी व्हर्मिलियन आणि कोवळ्या भाताच्या हिरव्यासाठी प्रशियन ब्लू घ्यावा. हा निळा भारी जोरदार असतो, ब्रशाच्या टोकाएवढाच पुरतो. मग बर्न्ट सिएना. तो अल्ट्रामरीनमध्ये मिसळला, की सावलीचा गडद करडा तयार होतो आणि काळ्याचा खर्च वाचतो.

अल्ट्रामरीन आज शाळेतल्या मुलाला परवडतो, हीही गंमतच आहे. एके काळी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करीत आणि त्याची किंमत सोन्याशी तोलली जाई. 1828 साली फ्रान्समधील गिमे यांना तो कारखान्यात बनविण्याच्या पद्धतीबद्दल बक्षीस मिळाले आणि रंग स्वस्त झाला.

तेवढेही पैसे नसले तर? गेरू आणि पिवळी माती घ्या. खलात बारीक वाटा, फडक्यातून गाळा. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून त्यात मिसळा. वाळल्यावर रंग बोटाला लागला, तर डिंक कमी पडला. रंगाला तडे गेले, तर जास्त झाला. हा रंग थोडाच करावा, शिळा ठेवू नये. वारली चित्रांकडे बघा : गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा. दोनच रंगांत सारे गाव नाचते!

एक सावधगिरी मात्र पाळा. मुलांच्या रंगात शेंदूर वापरू नका, त्यात शिसे असू शकते. घराच्या तेलरंगाचा जुना डबाही मुलांच्या हाती देऊ नका. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे 2017 पासून कडक मर्यादा आली आहे, पण जुन्या डब्याला ती कुठली?

पहिल्या तासाला चित्र काढायला लावूच नका. कागदावर चौकोन आखून द्या. पिवळ्यात निळा एक थेंब, मग दोन, मग तीन, असे भरायला सांगा. तीन रंगांतून किती हिरवे, किती जांभळे निघतात ते मुले आपण होऊन मोजतील. मग पेन्सिल घेऊन बसलेल्या त्या मुलाच्या हाती ब्रश द्या. आपल्याला चित्र येते की नाही, हे तो स्वतःच ठरवील.