पोराचे निदान, बापाची ओळख

पोर उशिरा बोलते, हाकेला मान वळवत नाही, म्हणून पनवेलला डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी ‘स्वमग्नता’ सांगावी. लक्षणे ऐकताना कधी बापालाच स्वतःचे बालपण आठवते: लग्नातला बँड सोसत नसे, माणसांत जीव गुदमरे, पण भाताच्या जाती तोंडपाठ. गावाने नाव ठेवले, घुम्या!

यात नवल नाही. स्वमग्नता पुष्कळदा रक्तातूनच येते. आईच्या हयगयीने नव्हे. शंका आल्यास मोठ्यांनीही मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.

दिल्लीत मेरी बरुआ या आईच्या पुढाकाराने १९९१ साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ उभी राहिली. दवाखान्यात भेटणाऱ्या पालकांनीही आपसांत ओळख वाढवावी. आपल्यासारखे दुसरे घर भेटले की मनावरचे ओझे हलके होते.