फळ्यावरील तीन ओळी

आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत, घंटेच्या खालीं, एक लहानसा फळा आहे. पाळी असलेला विद्यार्थी दररोज सकाळीं प्रार्थनेपूर्वीं त्यावर तीन ओळी लिहितो: एक शब्द, एक सुविचार, आणि त्या दिवशीं जन्मलेल्या कोणा थोर व्यक्तीचें नांव. दुसऱ्या दिवशीं त्या पुसल्या जातात व नव्या तीन येतात. वैद्याची मात्रा जशी थोडथोडी पण नित्य घ्यावयाची, तशीच ही विद्येची मात्रा होय, असें आम्ही समजत आलों. परंतु मात्रा चाटविण्यापूर्वीं पुडीवरील नांव नीट वाचून पाहावें, हें आम्हां शिक्षकांस एका आजीबाईंनीं शिकविलें.

घडलें तें असें. जो स्वतः झटतो त्यालाच देव साहाय्य करितो, अशा अर्थाचा सुविचार एके दिवशीं फळ्यावर आला आणि त्याखालीं 'बायबल' असें लिहिलें होतें. तें नांव घालावयास आम्हींच सांगितलें होतें. सातवीतील एका मुलानें तो वहींत उतरून घेऊन घरीं आजीस वाचून दाखविला. आजीबाई नित्य शास्त्र वाचणाऱ्या. त्यांनीं विचारलें, "बाळ, अध्याय कोणता? वचन कितवें?" मुलगा दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न घेऊन आमच्यापुढें उभा राहिला. इंग्रजी बायबलांतील कोणता शब्द कोठें आला आहे हें दाखविणारी सूची अलेक्झांडर क्रूडन यानें १७३७ सालीं प्रसिद्ध केली. ती आम्हीं मधल्या सुटींत धुंडाळली, शाळा सुटल्यावर पुन्हा धुंडाळली. वाक्य सांपडलें नाहीं, कारण तें बायबलांत नाहींच. चिखलांत रुतलेल्या गाडीजवळ बसून देवाचा धांवा करणाऱ्या गाडीवानाची इसापाची गोष्ट आहे. तिचें तें तात्पर्य. पुढें अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिन यानें १७३६ सालच्या आपल्या पंचांगांत तें छापलें आणि तें घरोघर गेलें.

आजीबाईंचा आक्षेप केवळ पत्त्यापुरता नव्हता. "ज्याच्या अंगांत झटण्याचेंहि बळ उरलें नाहीं, त्याचें मग कोण?" असें त्या नातवाजवळ बोलल्या होत्या. शास्त्रांतील देव तर दुबळ्यांचाच कैवारी आहे. म्हणजे आम्हीं केवळ नांव चुकविलें नव्हतें. ग्रंथाच्या तोंडीं त्याला न शोभणारें मत घातलें होतें. त्या दिवशीं फळ्यावर नवा सुविचार लागला नाहीं. आमची चूक दुरुस्त करून लिहिली गेली.

असे घोटाळे पुष्कळ आहेत. पैसा हा सर्व पापांचें मूळ होय, असें बायबलांत सांगितलें आहे म्हणून लोक बोलतात. प्रेषित पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत मूळ म्हटलें आहे तें द्रव्याच्या लोभाला, द्रव्याला नव्हे. एक शब्द गळला आणि वडिलांचा कष्टाचा पगारहि पापांत जमा झाला! विरोधकाचें मत अमान्य असलें तरी तें मांडण्याचा त्याचा हक्क प्राणपणानें राखीन, हें उदार वाक्य व्हॉल्टेअरच्या नांवावर चालतें. वास्तविक त्याची वृत्ति वर्णन करितांना एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेनें १९०६ सालच्या आपल्या पुस्तकांत तें स्वतः योजिलेलें आहे. वाक्य चांगलें आहे, लेखिकाहि चांगली आहे. मग तिचें नांव पुसावें कां?

आतां शब्दाविषयीं. पूर्वी आमचे विद्यार्थी कोशांतून जितका अवघड तितका चांगला, अशा हिशेबानें शब्द निवडीत. असा शब्द फळ्यावर एक दिवस मिरवतो आणि पुन्हा कोणाच्या तोंडीं येत नाहीं. त्यापेक्षां रोजच्या वापरांतील शब्दाचें मूळ शोधणें अधिक गोड. वर 'पगार' म्हटलें, तो पोर्तुगीज भाषेंतून आला. तेथें त्याचा अर्थ पैसे चुकते करणें असा आहे. पाव, बटाटा, चावी हे त्याचेच सोबती. आणि हापूस म्हणजे अफोन्सो या पोर्तुगीज नांवाचें आपल्या जिभेवर मुरलेलें रूप. 'नाताळ' हाहि त्याच वाटेनें आलेला. त्याचें मूळ लॅटिन, आणि अर्थ जन्मासंबंधीं. शब्द आणि जन्मदिवस या दोन्ही ओळी तेथें एकच होतात.

जन्मदिवसांतहि मात्र सावधगिरी हवी. सर आयझॅक न्यूटन यांचा जन्म नाताळांत, २५ डिसेंबर १६४२ रोजीं झाला, असें इंग्लंडांतील तेव्हांची गणना सांगते. त्याच दिवशीं फ्रान्सांत ४ जानेवारी १६४३ होती. पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं सुधारलेलें पंचांग इंग्लंडनें १७५२ पर्यंत स्वीकारलें नव्हतें. स्वीकारलें तेव्हां २ सप्टेंबरचा दुसरा दिवस १४ सप्टेंबर ठरला! श्रीशिवछत्रपतींची जेधे शकावलींतील जन्मतिथि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही आहे. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या गणनेची. नव्या गणनेनें तोच शुक्रवार १ मार्चचा. शेक्सपिअरच्या जन्माची तर नोंदच नाहीं. २६ एप्रिल १५६४ ही देवळांतील वहींत नोंदलेली त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख होय.

शिवाय नुसती तारीख लिहून काय साधणार? १७ ऑगस्ट १७६१ रोजीं विल्यम केरी जन्मला, एवढ्यानें मुलांस कांहींच कळत नाहीं. जोडे शिवणारा हा मनुष्य बंगालमध्यें श्रीरामपुरास राहून मराठी शिकला, १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मोडी लिपींत कोश छापून गेला, असें लिहिलें म्हणजे मुलें थांबून वाचतात.

यंदा आम्हीं आणखी एक पायंडा पाडला. आठवड्यांतून एक शब्द घरून यावा, अशी पालकांस विनंती केली. उतरंड आली, फडताळ आलें, आणि सातवीतील त्या मुलाबरोबर आजीबाईंनीं 'शिंकें' पाठविलें. शिंकें तुटलें नि बोक्याचें फावलें, ही म्हण वर्गांत सर्वांस पाठ होती. परंतु शिंकें पाहिलेलें कोण, असें विचारतां एकहि हात वर झाला नाहीं. शेवटीं त्या मुलानेंच खडू घेतला, आणि छताच्या आढ्यास टांगलेली दोऱ्यांची जाळी, तींत दह्याचें मडकें, व खालीं वर पाहत बसलेला बोका असें चित्र काढलें. त्या दिवशीं फळ्यावर उरलेल्या दोन ओळींस जागाच राहिली नाहीं.