नसरापूरला खोली भाड्याने घेताना

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला उतरलं की नसरापूर. इथून रस्ता वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे वळतो; भोरला जायचं तर पुढे कापूरहोळहून. पुण्यापेक्षा भाडं कमी म्हणून इकडे खोली पाहणाऱ्यांनी खेड शिवापूरचा टोल आणि रोजचं पेट्रोल आधी त्या भाड्यात मिळवून पाहावं. बचत बरीच आकसते.

खरी मेख कागदांत आहे. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. शेतजमिनीवर बांधलेल्या चाळीचा सातबारा दाखवला जातो, पण त्यावरून बांधकामाला परवानगी होती असं ठरत नाही. नमुना ८ वरचं नाव, वीजबिलावरचं नाव आणि करार करणारा माणूस जुळतात का, एवढं तरी बघा.

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही’ असं घरमालक ठामपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ मात्र लेखी, नोंदणीकृत करार मागतं आणि ती जबाबदारी मालकावरच टाकतं. हा कायदा अनुसूचीतल्या भागांपुरताच आहे, हे खरं. पण गाव त्यात नसलं तरी नोंदणी करूनच घ्यावी. अनामत परत मागताना तोच कागद कामी येतो.

आणि घर शक्यतो जुलैत पाहा. वेल्ह्याच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो. उन्हाळ्यात रंगवलेल्या भिंतीची ओल तेव्हाच कळते.